पहिल्याच दिवशी भुईकाट्यावर बसवू नका

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत डाळ मिल, जिनिंग, पतसंस्था, कृषी केंद्रं, दुकानं आणि लहानमोठे कारखाने चालवणारी सर्व मालक व संचालक मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी जळगावातल्या एका डाळ मिलमध्ये १४ वर्षं दिवाणजी होतो. आवक-जावक, भुईकाट्याच्या (मालासकट अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्याच्या) पावत्या, हमाली-तोलाईचा हिशेब, टॅली, मालवाहतुकीचं ई-वे बिल, सगळं माझ्या हाताखालून जायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा पहाटे एरंडोलकडून जळगावला येताना पाळधीच्या अलीकडे हायवेवर माझी मोटारसायकल घसरली. हेल्मेट घरी खुंटीला होतं. डोकं रस्त्यावर आपटलं. बारा दिवस दवाखान्यात काढले. ऑपरेशन लागलं नाही, हात-पाय शाबूत राहिले आणि नऊ आठवड्यांनी, जानेवारीत, मी कामावर हजर झालो.

त्या हजर होण्याच्या दिवसाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. कारण तसा दिवस तुमच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या मिलमध्ये, दुकानात, पेढीवर कधीतरी येणार आहे, आणि तो कसा मांडायचा हे माणसाच्या नाही, तुमच्या हातात असतं.

नवीन तुरीची आवक नुकतीच सुरू झाली होती. शेठजींनी पेढे आणले होते. सगळ्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि त्या आनंदातच दहाच्या सुमारास मी माझ्या जुन्या खुर्चीवर, भुईकाट्याच्या खिडकीपाशी बसलो. बाहेर तीन गाड्या रांगेत. आत रोलर आणि चाळण्यांचा आवाज. टेबलावरचा फोन वाजतोय, मुकादम खिडकीत डोकं घालून विचारतोय, ‘आप्पा, ही गाडी कोणत्या गोदामाला लावू?’ मी काट्यावरचे लाल आकडे वाचले. पावतीकडे मान वळवली, तेवढ्यात ते आकडे गेले. विसरणं मला माहीत आहे. विसरलेली गोष्ट कुठेतरी अडकलेली जाणवते. हे तसं नव्हतं. ते आकडे मी कधी पाहिलेच नव्हते, असं वाटलं. पुन्हा वाचले, पुन्हा गेले. मुकादमाला काय उत्तर दिलं ते आजही मला आठवत नाही.

एका गाडीचं भरलेलं वजन २४,८६० किलो होतं. ती रिकामी होऊन काट्यावर आली तेव्हा ९,४२० भरली. मी पावतीवर आधीच्या गाडीचा आकडा लिहिला, ८,९४०. म्हणजे ४८० किलो तूर आलीच नव्हती आणि कागदावर आली. त्या दिवसाच्या भावाने ३० हजारांच्या घरातली चूक. संध्याकाळी धाकट्या शेठच्या लक्षात आली म्हणून निभावलं. पुढच्या आठवड्यात एका टोळीची हमाली मी दोनदा दिली. महिनाअखेरीस शेठजींनी केबिनमध्ये बसवून चहा मागवला आणि म्हणाले, ‘आप्पा, तुम्ही आता आराम करा.’ आवाज चढवला नाही. दोन महिन्यांचा पगार जास्तीचा दिला. मी त्यांना वाईट म्हणत नाही, आणि त्यांचं नावही इथे घेणार नाही. पण १४ वर्षांचं काम २३ दिवसांत संपलं. त्याचं कारण जितकं माझ्या डोक्यात होतं तितकंच त्या पहिल्या दिवसाच्या मांडणीतही होतं, हे मला फार उशिरा कळलं.

डोक्यात काय झालं होतं ते थोडं सांगतो, कारण दवाखान्यातून निघताना मला कोणी सांगितलं नव्हतं. कार्डावर प्रकृती स्थिर, एवढंच होतं. डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा कवटी थांबते, पण आतला मऊ मेंदू लगेच थांबत नाही. कपाळामागे आणि कानशिलांच्या आत कवटीचं हाड खडबडीत, कंगोऱ्यांचं आहे. मेंदू तिथे घासतो. शिवाय एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणारे बारीक लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. हे तंतू इतके बारीक की सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा काहीच दिसत नाही. कपाळामागचा भाग लक्ष लावतो, कामांचा क्रम ठरवतो, एक काम अर्धं ठेवून दुसऱ्याकडे वळून परत पहिल्याकडे आणतो. कानशिलाकडचा भाग नवीन गोष्ट साठवतो. हात-पाय हलवणारे आणि बोलायला लावणारे भाग वेगळे. म्हणून माणूस चालत येतो, नीट बोलतो, सगळ्यांची विचारपूस करतो, आणि पाच आकडी संख्या या कागदावरून त्या कागदावर नेऊ शकत नाही.

जुनं मात्र टिकतं. मला पावकी-दीडकी तोंडपाठ होती ती तशीच राहिली. क्विंटलभर तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकीची चुनी आणि टरफल, हे मी झोपेतही सांगितलं असतं. त्यामुळे शेठजींना वाटलं की आप्पा पूर्वीसारखाच आहे. मलाही तसंच वाटलं, आणि ही खरी अडचण आहे: मेंदूला मार लागलेल्या माणसाला आपलं काय गेलं ते सुरुवातीला स्वतःलाच पुरतं कळत नाही. म्हणून त्याला ‘जमेल ना?’ असं विचारून त्याच्या ‘हो’वर विसंबू नका. मी हो म्हणालो होतो आणि ते खोटं नव्हतं.

दवाखान्यात दाखल करताना शुद्धीचं माप घेतात, त्याला ग्लासगो मोजपट्टी म्हणतात. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण. १३ आणि वर सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ आणि खाली गंभीर. माझे ११ होते. जीव किती धोक्यात आहे हे ओळखायला ते माप लाख मोलाचं. पण दोन महिन्यांनी हा माणूस काट्यावर बसू शकेल का, हे त्यातून कळत नाही. सौम्य मार लागलेल्यांनाही कित्येकदा आठवडेच्या आठवडे आवाज सहन होत नाही, उजेड टोचतो, दुपारनंतर डोकं चालेनासं होतं.

थकवा हा शब्द इथे अपुरा पडतो. पूर्वी जे आपोआप व्हायचं, म्हणजे फोनवर बोलता बोलता बेरीज करणं, ते आता एकेक पाऊल मोजत करावं लागतं. दोन तासांत दिवसभराची शिदोरी संपते. मग माणूस चिडतो किंवा गप्प होतो, आणि मालकाला वाटतं, याला काम नकोसं झालंय.

आणखी एक गोष्ट गेली, तिचा हिशेब कुठल्याच कार्डावर नाही. नाकातले वासाचे धागे कपाळाच्या खालच्या हाडातल्या बारीक छिद्रांतून मेंदूत जातात. डोक्याला हिसका बसला की ते तुटू शकतात. माझे तुटले. तुरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे नाकाशी न्यायचे आणि माल ओला आहे की जुना, हे सांगायचं, अशी माझी सवय होती. शेठजी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांपुढे मुद्दाम मला हाक मारायचे. परतल्यावर त्याच पोत्यात हात घातला, दाणे नाकाशी नेले आणि काहीच आलं नाही. घरी चुलीवर भरताची वांगी भाजली जात असली तरी मला कळत नाही, धूर डोळ्यांत गेला की कळतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. वास येत नाही ही काय तक्रार झाली, असं वाटलं. सांगायला हवं होतं. निदान माल पारखायचं काम तरी माझ्यावर सोपवलं गेलं नसतं.

घरी बसलो त्या आठ महिन्यांचं फार लिहीत नाही. गावातला जो तो भेटला की म्हणायचा, ‘आते त बेस दिसस ना भो!’ (आता तर बरा दिसतोस ना भाऊ) आणि मान डोलवून पुढे जायचा. माझी आई तेवढंच म्हणायची, ‘हात-पाय शेतस ना, मंग काय!’ (हात-पाय आहेत ना, मग काय) बायकोने शिवणकामावर घर ओढलं. मी दिवसभर ओट्यावर.

ऑक्टोबर २०२२ मध्ये धरणगाव तालुक्यातल्या एका कृषी केंद्राच्या मालकांनी मला बोलावलं. आम्ही त्यांना बापू म्हणतो. त्यांच्या वडिलांना पक्षाघात झालेला होता, त्यामुळे आजारातून उठलेला माणूस कसा असतो हे त्यांनी घरात पाहिलं होतं. त्यांनी जे केलं ते मी नेमकं सांगतो, कारण त्यात काही अवघड नाही आणि खर्च जवळजवळ नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला सकाळी आठला बोलावलं आणि दहाला घरी पाठवलं. गिऱ्हाईक दहानंतर येतं. काम एकच: आदल्या दिवसाची बिलं आणि स्टॉक रजिस्टर जुळवायचं. बसायला मागची खोली, जिथे फोन नाही. आणि एक लाल कापडी बांधणीची लांब वही. वहीचं डावं पान ‘सांगितलं’, उजवं पान ‘केलं’. दुकानात कडक नियम केला की आप्पांना कोणीही तोंडी काम सांगायचं नाही, बापूंनी स्वतःसुद्धा नाही. जे असेल ते डाव्या पानावर वेळ टाकून लिहायचं. मी ते केलं की समोर उजव्या पानावर वेळ टाकायची. पहिल्या पानावरची पहिली ओळ बापूंच्या अक्षरात आहे: ‘८.१० – बिल नं. ४१ ते ६७, युरिया वेगळा, बाकी वेगळं.’ समोर माझी: ‘९.२५.’ सव्वा तास. पूर्वी मी ते पंधरा मिनिटांत केलं असतं. त्या वहीने मला आणि त्यांना दोघांनाही खरं काय ते रोज दाखवलं. ‘जमेल ना?’ विचारायची गरज राहिली नाही.

तीन आठवड्यांनी दोनाचे तीन तास झाले. मग एकदा मी बियाण्याच्या दोन लॉटचे नंबर उलटसुलट टाकले. बापू काही बोलले नाहीत, पुढचा आठवडाभर परत दोन तासांवर आणलं, मग पुन्हा तीन. ही मागे येण्याची मुभा फार महत्त्वाची आहे. नाहीतर माणूस चूक लपवतो. मीही मिलमध्ये एक लपवली होती. जून उजाडला की कापसाच्या बियाण्यासाठी कृषी केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत त्यांनी मला काउंटरवर एकदाही उभं केलं नाही. आज मी सहा तास काम करतो. रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, माझ्याकडे आहे. दुपारी दोननंतर आकड्यांचं काम मी घेत नाही, माल लावतो, उधारीचे फोन करतो. रोख रक्कम मोजली की खाली दुसऱ्या कोणाची तरी सही घेतो, ती मीच मागून घेतो.

पगार? सुरुवातीला तासांप्रमाणे. मला त्यात कमीपणा वाटला नाही.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, कृषी केंद्र शांत, डाळ मिलमध्ये हे कुठे जमणार? जमतं. मिलमध्ये बंद पडलेला हिशेब असतो, जुन्या पावत्यांची लावणी असते, हमालांच्या हजेरीचं पुस्तक असतं. जिनिंगला गाठींची नोंद असते. पतसंस्थेत थकबाकीच्या याद्या असतात. माणूस ज्या कामात मुरलेला आहे त्यातलाच एक तुकडा तोडून द्या, कारण जुनं ज्ञान टिकलेलं असतं. सर्वस्वी नवं काम शिकायला लावलंत तर त्याच्या सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवाल. सूचना एकाच माणसाने द्याव्यात. व्हॉट्सॲपवर लिहिलेली सूचना तोंडी सूचनेपेक्षा शंभर पटीने बरी. मध्ये वीस मिनिटं डोळे मिटून पडायला जागा द्या; तो आळस नाही. चारचौघांत ‘सांगा बरं, काल कोण आलं होतं?’ अशी परीक्षा घेऊ नका. दर पंधरा दिवसांनी वही उघडून सोबत बसा.

आणि काही कामं देऊच नका. पट्टे, रोलर, शिडी, गाडी चालवणं यांपासून त्याला लांब ठेवा. डोक्याच्या माराला नंतर झटके येण्याचा धोका असतो, आणि डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत मालकाने धाडस करू नये. ज्याला दया म्हणून कायमचं फाटकावर बसवलंत, त्याचंही भलं होत नाही. त्याच्याकडे वर्षानुवर्षांचं काम आहे, ते वापरा.

सगळेच पूर्वीच्या जागेवर येतील असं मी म्हणणार नाही. काहींचा मार मोठा असतो. मीही भुईकाट्यावर परत बसू शकत नाही, हे आता मान्य केलं आहे. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांत जोरात होते आणि पुढे दोन वर्षांपर्यंत, कधी त्यानंतरही, हळूहळू होत राहते. म्हणजे मला ज्या दिवशी ‘आराम करा’ सांगितलं गेलं, त्या दिवशी अपघाताला तीन महिनेही झाले नव्हते. निकाल लागण्याआधीच पेपर काढून घेतला गेला.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत आणि डोक्याच्या माराचं नाव त्यांत नाही. मी प्रमाणपत्रासाठी गेलो तेव्हा मला ऐकावं लागलं, ‘तुम्ही तर चालत आलात.’ पण त्याच कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या यादीपेक्षा रुंद आहे: दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा इंद्रियांची उणीव, जी समोरच्या अडथळ्यांमुळे माणसाला समाजात बरोबरीने वावरू देत नाही. आणि वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव, असंही त्यात लिहिलं आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं, तसं पद नसेल तर जादा पद निर्माण करावं लागतं, हे कलम २० मध्ये आहे. ते सरकारी आस्थापनांना लागू आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका, एसटी यांतल्या माझ्यासारख्या माणसांनी आणि त्यांच्या साहेबांनी ते वाचावं. तुम्हां खासगी मालकांवर तेवढं बंधन नाही, मात्र समान संधीचं धोरण जाहीर करण्याचं कलम २१ प्रत्येक आस्थापनेसाठी आहे. किती जणांच्या भिंतीवर ते लागलेलं आहे? मी ज्या ऑफिसांत गेलो तिथे मला दिसलं नाही.

एक गोष्ट विषयाला थोडी सोडून आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गल्लीत एक वहिनी उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्यांचं वाळवण घालताना जिन्यावरून पडल्या. डोक्याला मार. पंधरा दिवसांनी घरी आल्या आणि त्याच संध्याकाळी सात माणसांच्या भाकरी त्यांच्यापुढे. पीठ मळायचं, तव्यावर लक्ष ठेवायचं, मुलाला उत्तर द्यायचं, दूध उतू जाऊ द्यायचं नाही: भुईकाट्यावर माझ्यापुढे होतं त्याहून हे कमी नाही. दूध उतू गेलं, भाकरी जळल्या, आणि घरात बोलणी खाल्ली. त्यांचा मालक कोण, पत्र कोणाला लिहायचं? माझ्या बायकोने जाऊन त्यांच्या सासूबाईंना लाल वहीची गोष्ट सांगितली. आता सकाळचा स्वयंपाक जाऊ करते, संध्याकाळी फक्त वरण-भात वहिनींकडे. मालक मंडळींच्याही घरी हे घडू शकतं, म्हणून लिहिलं.

माझी विनंती अगदी नेमकी आहे. तुमच्याकडचा असा कोणी माणूस आत्ता घरी ओट्यावर बसलेला असेल, तर येत्या सोमवारी त्याला दोन तासांसाठी बोलवा, गर्दी व्हायच्या आत. मागच्या वर्षीच्या एखाद्या महिन्याच्या पावत्या आणि रजिस्टर त्याच्यापुढे ठेवा, ज्यांचा हिशेब केव्हाच चुकता झाला आहे आणि ज्यांचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे. त्याला म्हणा, हे पुन्हा एकदा जुळवा. त्यात तो चुकला तरी तुमचा रुपया जाणार नाही. कुठे चुकला, किती वेळाने चुकला, हे दोघांनी मिळून वहीत लिहा. बुधवारी पुन्हा बोलवा.

वही कशी आखायची ते बघायचं असेल तर माझ्या चार वह्या भरलेल्या आहेत, पाचवी चालू आहे. मी घेऊन येईन. फक्त सकाळी बोलवा.

आपला नम्र,
आप्पा
(पूर्वीचा डाळ मिलचा दिवाणजी, हल्ली कृषी केंद्रात रोजमेळ)